शाळेचा शिपाई: पहिल्या घंटेपासून शेवटच्या कुलपापर्यंत

शाळेत शिपाई म्हणून रुजू झालेल्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा पडतो. बाकीचं काम कुणी बसवून शिकवत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत 22 वर्षं हे काम करतोय. मुलं मामा म्हणतात, शिक्षकही मामाच म्हणतात. जे येतं ते माझ्या आधीच्या मामांकडून आणि प्लंबर-वायरमनच्या हाताखाली उभं राहून शिकलो.

डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयानंतर अनुदानित खाजगी शाळांत शिपायाचं पद नियमित वेतनश्रेणीवर भरणं थांबलं आणि त्या जागी शिपाई भत्ता, म्हणजे कायम माणसाऐवजी शाळेला ठोक रक्कम, आला. त्यामुळे जुना माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर इमारतीची माहितीही घरी जाते. कुठला कॉक कुठली लाइन बंद करतो, कुठल्या वर्गाची भिंत दरवर्षी ओल धरते, गच्चीवरची कुठली पनाळी तुंबते, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं असं: एक जाड, शंभर पानी वही घ्या. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या वहीत उतरलं पाहिजे.

पहिला आठवडा: किल्ल्या, कॉक, मेन स्विच

प्रत्येक किल्ली कुलपात घालून बघा. लागली की तिला पत्र्याचा बिल्ला अडकवा आणि खिळ्याने नंबर कोरा. चिकटवलेल्या कागदाचा घामाने महिन्यात लगदा होतो. तोच नंबर दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूला रंगाने टाका. किल्ल्यांचा दुसरा संच मुख्याध्यापकांच्या कपाटात हवा. प्रयोगशाळा, कार्यालय आणि गच्ची या तीन किल्ल्या मोठ्या जुडग्यात ठेवू नका, वेगळ्या ठेवा.

मग पाण्याच्या लाइनी. एका सुट्टीच्या दिवशी एकेक कॉक बंद करून कुठला नळ थांबतो ते बघायचं आणि वहीत नकाशा काढायचा. चित्र चांगलं नसलं तरी चालेल, खुणा बरोबर हव्यात. पिण्याच्या पाण्याच्या कॉकला निळा रंग लावा, स्वच्छतागृहाच्या कॉकला लाल. ओळखीच्या एका शाळेत वरच्या मजल्यावरचा नळ मुळातून तुटला. कॉक कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी जिन्यावरून खालच्या कार्यालयात उतरलं आणि जुनी जनरल रजिस्टरं भिजली. चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरवरून निघतो. कॉक माहीत असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिसरी गोष्ट मेन स्विच. बोर्डातल्या प्रत्येक एमसीबीखाली, म्हणजे आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचखाली, तो कुठल्या खोलीचा आहे ते लिहा. मेन स्विचपर्यंतची वाट कायम मोकळी हवी. मोडके बाक आणि रद्दीचे गठ्ठे नेमके तिथेच येऊन पडतात, ते पहिल्या आठवड्यात हलवा.

सकाळची फेरी

मुलं यायच्या आधी पाऊण ते एक तास शाळेत पोचायचं आणि झाडू हातात घ्यायच्या आधी एक पूर्ण फेरी मारायची. माझा क्रम ठरलेला आहे: फाटक, मैदान, इमारतीची बाहेरची बाजू, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी आणि नळ, जिना, मग एकेक वर्ग. क्रम रोज तोच ठेवला की काल नव्हतं ते आज लगेच दिसतं. मैदानावर फुटलेली बाटली, फाटकाची सुटलेली बिजागरी, खिडकीची फुटकी काच, पंख्याचा बदललेला आवाज, सगळं या फेरीत सापडतं.

या फेरीत मान वर करून छत बघायचं. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत सकाळच्या वेळी कोसळलं आणि 7 मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तेव्हापासून वर्गात फरशीवर सिमेंटचा चुरा किंवा पोपडा दिसला की मी तो झाडून टाकण्याआधी वर बघतो. तुम्हीही तसंच करा. झाडूने चुरा गेला की खूणही जाते.

स्लॅब तपासायची साधी रीत सांगतो. लांब वेळूच्या टोकाने प्लास्टर हलकेच ठोकायचं, पण थेट त्याखाली उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. घट्ट प्लास्टरचा आवाज टणक येतो. सुटलेल्या प्लास्टरचा बद्द येतो, रिकाम्या मडक्यासारखा. अशा जागेभोवती खडूने गोल करा. तांबूस डाग दिसले किंवा सरळ रेषेत तडा दिसला तर आतली सळई गंजून फुगली आहे असं धरा. भिंतीतल्या तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभराने तडा रेघेपुढे गेलेला दिसला, तर तो वाढतोय. त्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे रोग झाकणं.

अशा वेळी आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: त्या जागेखालचे बाक त्याच दिवशी हलवणं, मुख्याध्यापकांना तोंडी सांगणं, आणि तेच तारखेसह लेखी देऊन पोच घेणं. वर्ग बंद करायचा की नाही हा निर्णय त्यांचा आणि अभियंत्याचा. पण त्यांना वेळेत कळलं पाहिजे, आणि ते कळवणारा माणूस बहुतेक वेळा आपणच असतो.

पाणी

शिपायाच्या कामात मी सगळ्यात जास्त जपतो ते पिण्याचं पाणी, कारण इथली चूक एकाच दिवशी तीनशे पोटांत जाते.

आधी टाकी किती लिटरची ते काढा. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, आलेल्या आकड्याला 1000 ने गुणा. टाकी 2 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि पाणी 1 मीटर असेल तर 3000 लिटर झाले. रोजच्या शुद्धीकरणाला 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम टीसीएल (ब्लिचिंग) पावडर पुरते, म्हणजे या टाकीला 15 ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा आपला चमचा तोलून घ्या आणि तोच चमचा कायम वापरा.

पावडर कोरडी टाकीत टाकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओता. अर्धा तास थांबा, मगच नळ सोडा. मग सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन आहे का याची थेंबाची चाचणी, करा. थेंब टाकल्यावर पिवळसर झाक आली तर क्लोरीन तिथवर पोचलंय. रंगच आला नाही तर पावडर जुनी झाली असेल, किंवा टाकीत गाळ असेल, किंवा वाटेत कुठे तरी घाण पाणी मिसळतंय. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं की त्याचा जोर उतरतो. ते घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

टाकी वर्षातून निदान दोनदा आतून धुवा: एकदा जूनमध्ये शाळा भरण्याआधी, एकदा दिवाळीच्या सुट्टीत. पाणी काढा, गाळ उपसा, भिंती काथ्याच्या ब्रशने घासा, साबण लावू नका. दोनदा खळखळून काढलं की टाकी भरून 1000 लिटरला 150 ग्रॅम या मापाने टीसीएलचं पाणी घाला आणि रात्रभर राहू द्या. नळ थोडे सोडून लाइनीतही ते पाणी खेळवा. हे पाणी पिण्याचं नाही, म्हणून नळांना चिंध्या बांधा आणि 'पिऊ नका' असं खडूने मोठ्या अक्षरात लिहा. सकाळी सगळं सोडून द्या, धुवा, मग ताजं पाणी भरा. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही. झाकण आदल्या दिवशी उघडून हवा खेळू द्या आणि वर एक माणूस उभा ठेवा.

मोटरचे नेहमीचे आजार तीन. मोटर फिरते पण पाणी येत नाही: तिने हवा धरली आहे, फूट व्हॉल्व्ह (ओढीच्या पाइपाच्या तळाची झडप) गळतोय किंवा ओढीच्या पाइपात कुठे तरी फट आहे. पंपात पाणी भरून परत चालवा. रोजच भरावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह बदला. मोटर गुणगुणते पण फिरत नाही: लगेच बंद करा, नाही तर वाइंडिंग जळेल. बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेलेला असतो, क्वचित आतला पंखा गाळाने जाम झालेला. आणि चालू केल्या केल्या ट्रिप होते: पुन्हा पुन्हा बटण उचलत बसू नका, वायरमनला बोलवा.

स्वच्छतागृह

ॲसिड आणि टीसीएल कधीही एकत्र करायचं नाही. आधी ॲसिडने घासलं आणि वरून ब्लिचिंग टाकलं तरी तोच परिणाम होतो: क्लोरीन वायू सुटतो, घसा आवळतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. एक वापरायचं असेल तर दुसरं त्या दिवशी हातात घ्यायचं नाही. दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवा आणि पाण्याच्या बाटल्यांत तर चुकूनही ओतून ठेवू नका.

सेप्टिक टँक तुंबली तर झाकण उघडून आत उतरायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हणा. 2013 च्या कायद्याने असं काम माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे. आतल्या वायूने दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. नगरपालिकेची किंवा खाजगी मैला उपसा गाडी बोलवायची.

टपकणारा नळ पाच रुपयांच्या वायसरने थांबतो, त्यासाठी प्लंबरची वाट बघू नका. एक पान्हा, टेफ्लॉन टेप, वायसरांची पुडी आणि दोन जादा नळ कपाटात कायम हवेत. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी, झाकणाचा डबा आणि पाणी या तीन गोष्टी रोज तपासल्या गेल्या पाहिजेत. हे काम शाळेतल्या मावशींकडे असावं. कडी तुटली म्हणून मुली दिवसभर पाणी न पिता राहतात आणि सांगायला लाजतात. माझ्या वहीत कडीची तक्रार आली की ती त्याच दिवशी दुरुस्त होते, बाकी सगळं नंतर.

वीज

आपण वायरमन नाही. बल्ब, ट्यूब, स्टार्टर बदलावा, तोही मेन बंद करून. बाकी कामाला परवानाधारक माणूस बोलवावा. आपलं काम लक्ष ठेवण्याचं.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर तो नुसता डबा आहे, बदलायला लिहून द्या. माणसाच्या जिवासाठी 30 मिलिअँपिअरचा लागतो, तो आहे का ते वरच्या अक्षरांत वाचा. वॉटर कूलरवर सगळ्यात जास्त नजर हवी: ओली फरशी, ओले हात, लोखंडी अंग आणि भोवती मुलांची गर्दी. कूलरला हात लावल्यावर मुंग्या आल्या असं एका मुलाने जरी सांगितलं तरी त्या क्षणी मेन बंद करून पिन काढा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

मेच्या सुट्टीत पंखे उतरवून घ्यावेत, निदान शिडीवर चढून वरच्या हुकातला रबर, बोल्ट आणि त्याची पिन बघावी. शिडी भिंतीला लावताना 4 फूट उंचीला 1 फूट पाया पुढे घ्यावा आणि खाली एक जण धरायला हवा.

मे महिना

मुलांना सुट्टी लागते तेव्हा आपल्या वर्षातलं मोठं काम सुरू होतं. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास पोचतो, घाटावर त्याच्या मागेपुढे. म्हणजे छपराचं काम 25 मेच्या आत उरकलं पाहिजे. मजूर आणि पत्र्याचं सामान जूनमध्ये मागून मिळत नाही, सगळ्या गावाला तेव्हाच हवं असतं.

गच्चीवरचा पालापाचोळा काढून प्रत्येक पनाळीत बादलीभर पाणी ओता आणि ते खाली किती वेळात येतं ते बघा. हळू आलं तर आत घरटं किंवा चेंडू अडकलाय. कौलारू वर्गांत फुटकी कौलं बदला. लोखंडी पत्र्याचे जे-बोल्ट आवळा आणि सुकलेले डांबरी वायसर बदला, गळती बहुतेक तिथूनच होते.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कधीही थेट पाय देऊ नका. दिसायला तो दगडासारखा असतो आणि खालून आधार नसला की पापडासारखा मोडतो. आडव्या फळ्या टाकून, बोल्टांची रांग धरूनच चालायचं, कमरेला दोर बांधायचा. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कोरडे कापू किंवा भोकू नका, धूळ फुप्फुसात जाते. भिजवून हळू काढा.

बाक दुरुस्त करताना हाताचा तळवा फळीखालून फिरवा. वर आलेला खिळा मुलांच्या मांडीला लागतो, आपल्याला दिसत नाही. मैदान, अडगळीची खोली आणि पोषण आहाराच्या तांदळाची कोठी शाळा भरण्याच्या आठवडाभर आधी उपसून काढा, कारण सापाला उंदीर आणि गारवा दोन्ही तिथे मिळतं. साप दिसला तर मारायला धावू नका. मुलांना लांब करा, साप नजरेत ठेवा, सर्पमित्राला बोलवा. त्यांचा नंबर फाटकाजवळच्या फळ्यावर रंगवलेला असावा. आग्या मोहोळ बसलं तर धूर करू नका, वर्ग त्या बाजूने हलवा आणि जाणकार माणसाकडून रात्री काढून घ्या.

पावसाळ्यात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर, कूलरखालचा ट्रे, सगळं पालथं करा. डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अशाच साठलेल्या पाण्यातून तयार होतो.

मुलांशी वागणं

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी शाळेचाच सफाई कर्मचारी होता. त्यानंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर कडक आदेश काढले. आपल्याला त्याचा राग येऊ नये. पडताळणीचा फॉर्म रुजू होताना स्वतःहून मागा.

काही नियम मी स्वतःला घालून घेतलेत. मुलगा असो वा मुलगी, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात शाळा सुरू असताना पाय टाकायचा नाही, दुरुस्ती असेल तर मावशींना दारात उभं करून. मुलांकडून खाजगी काम करून घ्यायचं नाही. बाहेरचा गवंडी किंवा रंगारी आला तर त्याचं नाव, वेळ आणि ओळखपत्राचा नंबर फाटकावरच लिहायचा आणि तो शाळेत असेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं. एखादं मूल रोज मधल्या सुट्टीत एकटं कोपऱ्यात बसतंय, कुणाला तरी घाबरतंय, हे आपल्याला शिक्षकांच्या आधी दिसतं. ते मुख्याध्यापकांना सांगायचं, आणि कुणीच ऐकत नसेल तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

झेंड्याची दोरी

26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला सगळं गाव मैदानावर असतं आणि दोरी आपल्या भरवशावर. दोन दिवस आधी वरच्या चाकाला तेलाचे दोन थेंब द्या आणि पूर्ण दोरी बोटांतून ओढून बघा. जिथे सुतं सुटलेली लागतील तिथे ती अडकणार. झेंडा धुऊन, इस्त्री करून घ्या. घडी घालताना केशरी पट्टा वर येतोय ना ते दोघांनी बघायचं. घडीत फुलांच्या पाकळ्या ओंजळभरच, ओल्या नकोत, त्या चिकटतात. भोवती दोरीचा वेढा देऊन सुरगाठ मारायची, आणि खाली येणारी कोणती दोरी ओढायची तिला धाग्याची खूण करायची. चुकून निरगाठ बसली तर पाहुण्यांनी कितीही ओढलं तरी झेंडा उलगडत नाही. म्हणून मी आदल्या संध्याकाळी त्याच मापाच्या साध्या कापडाची घडी वर नेऊन तीनदा ओढून बघतो.

वही

पाच रकाने पुरतात: तारीख, जागा, काय बिघडलं, कुणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं. नमुना म्हणून एक ओळ: '12 जुलै, 8 वी ब, खिडकीकडच्या तुळईखाली ओल, मुख्याध्यापकांना लेखी दिलं, गच्चीवरचा सांधा 19 जुलैला भरला.' खर्चाचं काम असेल तर दोन दुकानांचे भाव लिहून अर्जासोबत जोडा. सरकारी शाळांत संयुक्त शाळा अनुदानातून आणि अनुदानित शाळांत वेतनेतर अनुदानातून किरकोळ दुरुस्ती बसते. पैसे आले की कुठे आधी लावायचे, हे वही बघून ठरतं. नवीन वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) तिची नोंद लिपिकांकडून त्याच आठवड्यात करून घ्या.

संध्याकाळ

शाळा सुटल्यावर सकाळचीच फेरी उलट्या क्रमाने मारायची. पंखे, दिवे, खिडक्या, मोटर, प्रयोगशाळेतला गॅस सिलिंडर, स्वयंपाकाच्या शेडमधली चूल. आधी वर्ग, मग जिना, स्वच्छतागृहं, आणि शेवटी फाटक. प्रत्येक वर्गात आत जाऊन बाकांच्या रांगांमधून बघायचं, दारातून नजर टाकून भागत नाही. एका पावसाळ्यात तापाने फणफणलेला पाचवीचा मुलगा मला शेवटच्या बाकाखाली दप्तर उशाला घेऊन झोपलेला सापडला. त्याची आई फाटकाबाहेर छत्री घेऊन उभी होती. तेव्हापासून कडी घालण्याआधी मी प्रत्येक दारात थांबतो, मोठ्याने विचारतो, 'आत कोण आहे का रे?', मनात दहा आकडे मोजतो, मग कुलूप लावतो.